होडी किनाऱ्याला लागल्यावर

‘श्वास’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसरीत होतो. 2004 साल. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ऑस्करसाठी भारताकडून तोच जाणार होता आणि त्या मोहिमेसाठी लोक वर्गणी काढत होते. शाळेनं दोन-दोनच्या रांगा करून आम्हाला थिएटरात नेलं. घरी आल्यावर मी डोळे मिटून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालून पाहिलं आणि फ्रिजवर आपटलो. चित्रपटातलं तेवढंच लक्षात राहिलं: एक मुलगा आंधळा होतो.

दुसऱ्यांदा पाहिला तो अठरा वर्षांनी, मामा गेल्यानंतर दोन महिन्यांनी. मामाला तोंडाचा कॅन्सर होता. या वेळी मुलाकडे माझं फारसं लक्षच गेलं नाही. मी आजोबांना बघत होतो. ते कुठे बसतात, कागद हातात कसा धरतात, कोणाला प्रश्न विचारायची हिंमत करतात आणि कोणाला विचारत नाहीत. गेलं वर्षभर मी आणि माझी मामी तेच करत होतो.

हा लेख त्या दुसऱ्या पाहण्यातून आला आहे. ‘श्वास’वर भरपूर लिहून झालंय. मराठी चित्रपटाचं पुनरुज्जीवन, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी आलेलं सुवर्णकमळ, अरुण नलावडे यांचा अभिनय, छोट्या अश्विन चितळेला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार. ते सगळं रास्तच आहे. मला वेगळं काही म्हणायचंय. आजारी माणसाच्या आजूबाजूच्या माणसांकडे इतक्या नीट बघणारे चित्रपट आपल्याकडे फार थोडे आहेत. आणि हा चित्रपट ज्या जागी थांबतो, त्याच जागी आपले दवाखाने, आपल्या योजना आणि आपण नातेवाईकही थांबतो.

अंतराची गोष्ट

कथा थोडक्यात आठवून घेऊ. कोकणातले आजोबा नातवाला, परश्याला, घेऊन शहरात येतात. मुलाच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) निदान करतात: दृष्टिपटलाचा कॅन्सर. मुलगा वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर त्याला कधीच दिसणार नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेवर संदीप सावंत यांनी हा चित्रपट केला. त्यात खलनायक नाही, चुकीचं निदान नाही, पैशासाठी अडवणूक करणारा कोणी नाही. डॉक्टर हुशार आहेत, सज्जन आहेत आणि प्रचंड कामात आहेत.

तरीही आजोबांची दमछाक होते. का, हे चित्रपट फार शांतपणे दाखवतो. आजोबांना कळत नाही असं नाही, त्यांना एकदम कळत नाही. डॉक्टरांचं वाक्य ऐकलं जातं, पण ते आत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आलेला असतो. दवाखान्याची वेळ आणि माणसाला गोष्ट पचायला लागणारी वेळ यांचा मेळ बसत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माहिती दिली की काम झालं अशी आमच्या धंद्याची एक अंधश्रद्धा आहे. मामाच्या निदानाच्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्टेज, उपचार, तारखा असं सगळं मुद्देसूद लिहून टाकलं. वीस मिनिटांत चौदा अंगठे आले. रात्री मामीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “म्हणजे त्यांका नेमका काय झाला?”

आजोबांच्या चेहऱ्यावर मला तोच प्रश्न दिसला.

दुसरी गोष्ट म्हणजे गाव. मुलाच्या कोकणातल्या दिवसांची दृश्यं अधूनमधून येत राहतात: पाणी, झाडी, घर. समीक्षकांनी यांना सुंदर छायाचित्रण म्हणून दाद दिली. लहानपणी मलाही ती गाण्याच्या जागी आलेली दृश्यं वाटली होती. आता वाटतं, ती मुलाच्या केसपेपरचा गहाळ भाग आहेत. दवाखान्यात परश्या म्हणजे दोन डोळे आणि एक गाठ. गावाची दृश्यं सांगतात की हा मुलगा कुठून उचलून आणलाय, त्याला काय काय ओळखीचं आहे आणि शहरातल्या कॉटवर त्यातलं काहीच का नाही. आजाराची भीती एक आणि घरापासून लांब असण्याची भीती दुसरी. दिग्दर्शक या दोन्ही वेगळ्या दाखवतो आणि दुसरीला पहिलीइतकंच वजन देतो.

हे वजन सरकारी नियमांनाही अगदीच माहीत नाही असं नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण भाडेमाफी आहे आणि सोबत्यालाही मोठी सवलत आहे. म्हणजे या आजारात प्रवास धरलेलाच आहे आणि माणूस एकटा येत नाही हेही मान्य आहे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयासाठी देशभरातून येणाऱ्यांपैकी कितीतरी जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, आणि जागा न मिळालेले फुटपाथवर पथारी टाकतात. उपचार शहरात आणि आयुष्य गावात, अशी फाळणी झालेली ही माणसं आहेत. ‘श्वास’ त्यांचा चित्रपट आहे.

आसावरी कोण आहे

पहिल्या पाहण्यात मला आसावरी (अमृता सुभाष) अजिबात आठवत नव्हती. दुसऱ्या वेळी मला सगळ्यात जास्त तीच दिसली.

आसावरी त्या रुग्णालयातली समाजसेविका आहे. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, नातेवाईकही नाही. तिचं काम काय, असं विचारलं तर एका ओळीत सांगता येत नाही. ती आजोबांशी बोलते, डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या भाषेत आणते, मुलाशी गट्टी करते, कागदपत्रांत मदत करते आणि शस्त्रक्रियेआधी मुलाला खरं सांगायलाच हवं या अवघड प्रसंगात मधे उभी राहते. लहान मुलाला ‘तुला आता दिसणार नाही’ हे कोणी सांगायचं, कसं सांगायचं, ही या चित्रपटातली खरी शस्त्रक्रिया आहे. तिच्यासाठी थिएटर बुक करता येत नाही.

हे पद चित्रपटासाठी शोधून काढलेलं नाही. मुंबईत 1936 मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी शाळा सुरू झाली, तीच आजची ‘टिस’. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. म्हणजे ‘श्वास’ आला तेव्हा या कामाला आपल्याकडे जवळजवळ साठ वर्षं झाली होती. पण पडद्यावर तोवर डॉक्टर असायचा, देवासारखा किंवा राक्षसासारखा, आणि नर्स असायची, प्रेमळ किंवा खाष्ट. ही तिसरी व्यक्ती दिसतच नव्हती.

इथे सिसिली सॉन्डर्स यांची आठवण येते. आधुनिक हॉस्पिस चळवळीची सुरुवात करणाऱ्या या ब्रिटिश बाई आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि नंतर वैद्यकीचं शिक्षण घेऊन डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्यांची ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना आज जगभर शिकवली जाते. माणसाला दुखतं ते एकाच वेळी शरीरात, मनात, माणसांमधल्या नात्यांत आणि आयुष्याच्या अर्थात दुखतं, आणि यातलं एक सोडून दुसऱ्यावर इलाज केला तर दुखणं तसंच राहतं. मला नेहमी वाटतं की ही कल्पना फक्त डॉक्टर असलेल्या माणसाला सुचली नसती. तिन्ही खुर्च्यांवर बसून झाल्यावरच ती सुचली असणार.

आसावरी ही त्या तीनपैकी मधली खुर्ची आहे. ‘श्वास’चं मोठेपण असं की या खुर्चीला त्यानं गोष्टीच्या मध्यभागी जागा दिली.

‘आनंद’ला बिल कोण देतं?

हे किती वेगळं होतं हे बघायला ‘आनंद’ घेऊ. हृषीकेश मुखर्जींचा 1971 चा चित्रपट. आपल्याकडे कॅन्सरची गोष्ट म्हटलं की आजही तोच साचा डोळ्यांपुढे येतो. मीही तो चार-पाच वेळा पाहिलाय आणि दर वेळी शेवटी रडलोय, त्यामुळे हे वरून बोललेलं समजू नका.

आनंद सहगल दिल्लीहून मुंबईला येतो. त्याला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे, हातात थोडे महिने आहेत. तो येतो आणि सगळ्यांना सांभाळतो. डॉ. भास्करची उदासी, मेट्रनचं आईपण, मित्राचं प्रेमप्रकरण, सगळ्यांची डागडुजी हा मरणारा माणूस करतो. रमेश देव आणि सीमा देव यांनी केलेलं डॉ. कुलकर्णी आणि त्यांच्या पत्नीचं घर त्याला आपलं म्हणतं. त्याचं स्वतःचं घर मात्र गोष्टीत नाही. नोकरी नाही, कर्ज नाही, म्हातारे आईवडील नाहीत, शाळेत जाणारं मूल नाही. त्याला उलटी झाल्यावर फरशी कोण पुसतं ते दिसत नाही. आणि चित्रपट सुरू होतो तोच भास्करला आनंदवर लिहिलेल्या पुस्तकासाठी पुरस्कार मिळतो इथून. आजारी माणूस हा निरोगी माणसाला शहाणं करून जाणारा माणूस ठरतो.

2020 च्या ‘दिल बेचारा’पर्यंत हा साचा चालत आलाय. जमशेदपूरची दोन तरुण मुलं, आजारपण, प्रेम, पॅरिसची एक फेरी. तिथे निदान आईवडील दिसतात. पण भार पुन्हा पेशंटवरच: त्यानं हसतं राहायचं, दुसऱ्याला जगायला शिकवायचं.

‘श्वास’मधला परश्या कोणाला काही शिकवत नाही. तो चिडतो, घाबरतो, हट्ट करतो. त्याला सांभाळावं लागतं, आणि त्याला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यालाही कोणीतरी सांभाळावं लागतं. पेशंटला संत केलं की त्याच्या सेवेची गरज गोष्टीतून गायब होते. ‘श्वास’ त्याला साधं मूल राहू देतो, म्हणून गरज दिसते.

पळून जाण्याचा अर्थ

शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून नाहीसे होतात. रुग्णालयात गोंधळ उडतो, बातमी बाहेर जाते. मग कळतं की दृष्टी जाण्याआधी मुलानं जग डोळे भरून पाहावं म्हणून आजोबा त्याला शहरात फिरवत होते. डॉक्टर भडकतात. आजोबांचं उत्तर आणि डॉक्टरांचं हळूहळू उमगणं हा चित्रपटाचा कळस आहे.

हा प्रसंग बहुतेकांना प्रेमाचा वाटतो. आहेच. पण तो एका त्रुटीचा अहवालही आहे. एवढ्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तयारी म्हणजे रक्त, भूल, उपाशी पोट, सही. नजर कायमची जाणार असलेल्या मुलाला ‘तुला काय बघायचंय?’ असं विचारण्यासाठी कोणत्याच फॉर्मवर रकाना नव्हता. आजोबांनी नियम मोडला, कारण त्यांच्या गरजेला नियमात दारच नव्हतं. आसावरीलाही हे आधी सुचलं नाही, हे मला चित्रपटातलं सगळ्यात प्रामाणिक टोक वाटतं. चांगली माणसं असूनही हे सुचत नाही.

माझी पहिली तक्रार इथे आहे. चित्रपट हा पेच डॉक्टर विरुद्ध आजोबा असा दोन माणसांत आणतो आणि दोन माणसांतच सोडवतो. डॉक्टरांना कळतं, मन हेलावतं, विषय मिटतो. पण पुढच्या कॉटवरच्या मुलाचं काय? त्याचे आजोबा इतके धीट नसतील तर? कळवळा आलेल्या एका डॉक्टरनं रुग्णालय बदलत नाही. आसावरी उद्या नोकरी सोडून गेली तर तिच्याबरोबर सगळंच जातं. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात की सगळी सिस्टिम एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि ही शाबासकीची गोष्ट नसते, धोक्याची असते.

मामाच्या वेळी मलाही आसावरी भेटली होती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, तिसऱ्या दिवशी. डॉक्टर, स्टाफ, बिलिंग, सगळ्यांनी आम्हाला शंभर प्रश्न विचारले होते, पण सगळे मामाबद्दल. या बाईंनी मामीकडे बघून विचारलं, “रात्री तुम्ही कुठे झोपता?” मामी रडायलाच लागली. ती तीन रात्री जिन्याखाली बसून होती आणि मी पुण्याहून शीटमध्ये तारखा भरत होतो. माझ्या शीटमध्ये अकरा कॉलम होते. मामी कुठे झोपते हा नव्हता. बाईंनी संध्याकाळपर्यंत धर्मशाळेत सोय केली. मला वाटलं, झालं, सिस्टिम चालते. नंतर कळलं की त्या मजल्यावरच्या सगळ्या पेशंटांसाठी त्या एकट्याच होत्या आणि पुढच्या आठवड्यात त्या रजेवर होत्या.

होडीच्या पुढे

चित्रपटाच्या शेवटी परश्या आजोबांबरोबर होडीतून घरी परततो. डोळ्यांवर काळा चष्मा. ज्या गावाची दृश्यं आपण त्याच्या डोळ्यांनी पाहिली, ते गाव आता त्याला आवाजांतून, वाऱ्यातून ओळखायचंय. शेवट सुंदर आहे. थिएटरात दिवे लागतात, आपण डोळे पुसतो आणि मुलगा वाचला या समाधानात बाहेर पडतो.

आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर लाइव्ह गेलं की केक कापतात. पण जुने लोक केक खात नाहीत, कारण त्यांना माहीत असतं की खरं काम उद्या सकाळी सुरू होतं. त्या कामाला आम्ही सपोर्ट म्हणतो. ‘श्वास’ केकपाशी संपतो.

परश्याचा आजार रेटिनोब्लास्टोमा. तो सहसा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. दोन्ही डोळ्यांत असला तर तो आनुवंशिक प्रकारचा समजला जातो, म्हणजे दोष शरीरातल्या सगळ्याच पेशींत असतो. अशा मुलांना पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात. धाकटं भावंडं असेल तर त्याचेही डोळे लहानपणीच तपासावे लागतात. आज लवकर सापडला तर बहुतेक मुलं वाचतात, आणि केमोथेरपी, लेसर अशा उपायांनी पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. लवकर सापडणं मात्र घराजवळच्या कोणीतरी बाळाच्या बुबुळातली पांढरट चमक ओळखण्यावर अवलंबून असतं. म्हणजे या आजाराची सुरुवातही गावात आणि उरलेलं आयुष्यही गावात. शहर मधले काही आठवडे.

चित्रपट त्या मधल्या आठवड्यांचा आहे. शाळेत परश्याला कोण घेणार, ब्रेल कोण शिकवणार, वर्षातून तपासणीला कोण नेणार, आजोबा किती वर्षं पुरणार? शहरातल्या त्या सगळ्या धावपळीत ज्या बायका फारशा दिसत नाहीत, त्या आता रोज त्याला हात धरून विहिरीपासून लांब ठेवणार आहेत. त्यांना कोणी काय सांगितलंय?

यावर एक सरळ आक्षेप येईल: हा चित्रपट आहे, आरोग्यधोरण नाही. दोन तासांत सगळं कसं येणार? मान्य. दिग्दर्शकानं ब्रेलची शाळा दाखवायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण गोष्ट कुठे संपवायची हा कथनाचा सर्वांत मोठा निर्णय असतो, आणि तो आपल्याला शिकवतो की महत्त्वाचं काय ते इथवर होतं. बहुतेक आजारपणाच्या गोष्टी एक तर मृत्यूपाशी संपतात किंवा डिस्चार्जपाशी. त्यामुळे डिस्चार्जनंतरचं आयुष्य आपल्याला गोष्ट वाटत नाही, आणि जे गोष्ट वाटत नाही त्यासाठी कोणी पैसेही देत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेत बसतो. घरी येऊन जखम बघणारी नर्स कुठल्या योजनेत बसते?

खळं

मामाचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक झाले. सहा महिन्यांनी आजार परत आला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मामा तर आधीपासून म्हणतच होता, “माका घराक व्हर.” आम्ही त्याला मालवणजवळच्या गावी आणलं. फाइल अडीच किलोची होती. शेवटच्या कागदावर औषधं होती आणि ‘पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवणे’ असं लिहिलं होतं. ओपीडी दहा तासांवर होती.

नाकातल्या नळीतून मामी पेज द्यायला शिकली. दुखणं वाढल्यावर मॉर्फिन लागलं. मादक पदार्थांचा 1985 चा कायदा 2014 मध्ये दुरुस्त होऊन मॉर्फिन मिळणं सोपं झालंय, असं मी वाचलं होतं. पण ते ठेवणारं ठिकाण घराजवळ नव्हतं. मामेभाऊ दर वेळी एसटीनं अख्खा दिवस घालवून आणायचा.

सगळ्यात वाईट मात्र दुखणं नव्हतं. गालावरची जखम फुटली आणि तिला वास यायला लागला. मामाच्या खळ्यात रोज संध्याकाळी चार-पाच माणसं येऊन बसायची, मासळीचे दर, देवळाची वर्गणी, राजकारण चालायचं. ती हळूहळू कमी झाली. कोणी काही बोललं नाही. खळं रिकामं झालं. मामानं दाराकडे तोंड करून झोपणं बंद केलं.

शेजारच्या वाडीत एक निवृत्त नर्स राहतात. त्या कोणाकडून तरी ऐकून आल्या. जखम पाहिली आणि मामीला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड ड्रेसिंगमध्ये कशी घालायची ते दाखवलं. साधी गोळी, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारी. चार दिवसांत वास जवळजवळ गेला. आठवड्यानं दोन माणसं खळ्यात येऊन बसली. मामा बोलू शकत नव्हता, पण त्यानं कॉट पुन्हा दाराकडे वळवून घेतली.

‘संपूर्ण वेदना’ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. जखमेवरच्या पुडीनं माणसं परत आली. हे कुठल्याही मोठ्या रुग्णालयात घडू शकलं नसतं, कारण मोठ्या रुग्णालयात खळं नसतं.

हे चमत्काराशिवाय होतं का?

आम्हाला त्या नर्सबाई भेटल्या हे नशीब. नशिबावर धोरण चालत नाही. पण हे नीट बांधून करता येतं याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत.

कोळिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिकल कॉलेजच्या आवारात वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पेशंट दवाखान्यात येऊन बरे वाटून जात, पण घरी पुन्हा तेच हाल. मग काम घराकडे वळलं. वस्तीतल्या सामान्य लोकांना शिकवून स्वयंसेवक केलं, नर्सनी घरोघरी जायला सुरुवात केली. या जाळ्यात स्वयंसेवक फक्त जखम बघत नाही, घरात तांदूळ आहे का आणि मुलं शाळेत जातात का हेही बघतो. 2008 मध्ये केरळ सरकारनं यासाठी धोरण आणलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. आपल्याकडे बार्शीचं उदाहरण आहे. तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोक दवाखान्यात येत नाहीत, तर आपण गावात जायचं, हा तिचा साधा नियम. कार्यकर्ते गावोगावी जाऊन बोलू लागले.

केरळचं मॉडेल उचलून सिंधुदुर्गात ठेवता येईल इतकं सोपं नाही. तिथली वस्ती दाट आहे, पंचायती सशक्त आहेत. आपल्या वाड्या विखुरलेल्या, तरुण मुंबईत. आणि ‘घरी सेवा’ म्हटलं की ती मामीच करणार, फुकट करणार, हे गृहीत धरण्याचा धोका मोठा आहे. घराजवळचा आधार म्हणजे सगळा भार घरावर टाकणं नव्हे. त्यासाठी पगारी नर्स, गाडी, औषधाचा साठा आणि फोन उचलणारा माणूस लागतो. यातलं काहीच रॉकेट पाठवण्याइतकं अवघड नाही. फक्त ते दिसत नाही, कारण ते होडी किनाऱ्याला लागल्यानंतर सुरू होतं.

म्हणून मी पुन्हा ‘श्वास’कडे येतो. तो चित्रपट मला आजही आवडतो, आधीपेक्षा जास्त. त्यानं आजोबांना आणि आसावरीला दिसतं केलं, हे वीस वर्षांपूर्वी कोणी करत नव्हतं. त्याचं ऋण मानूनच म्हणायचंय की आता पुढची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. तिची सुरुवात होडीपासून व्हावी. परश्या आता माझ्याच वयाचा असेल. त्या गावात तो कसा जगला, कोण त्याच्या सोबत होतं, ते मला बघायचंय.

मामाला जाऊन आता काही वर्षं झाली. त्या नर्सबाई अजूनही आठवड्यातून एकदा मामीकडे येतात. जखम नाही, औषध नाही, काम असं काही नाही. मागच्या मे महिन्यात मी तिथे असताना त्या आल्या, खळ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि आत हाक मारून विचारलं, “जेवलंस काय गो?”

मामी म्हणाली, “नाय अजून.” बाई उठल्या आणि दोघी आत गेल्या.